थकबाकीदार कोण?

तंजावर म्हटले की मराठी माणसाच्या मनात काही ठरावीक चित्रे उभी राहतात. व्यंकोजीराजांचे राज्य, बृहदीश्वराच्या भिंतीवर कोरलेला भोसले कुळाचा मराठी शिलालेख, सरफोजीराजांनी वाढवलेला सरस्वती महाल. याच सरफोजीराजांनी धन्वंतरी महाल काढून तेथे औषधे सिद्ध करण्याची व रुग्णांना ती देण्याची व्यवस्था केली, हेही आपण अभिमानाने सांगतो. तो अभिमान रास्त आहे. परंतु आज आम्ही वाचकांना तंजावरला नेत आहोत, ते राजवाडा पाहण्यासाठी नव्हे. तंजावरहून तिरुचिरापल्लीकडे निघाले की वाटेत सेंगिपट्टी हे गाव लागते. तेथे सरकारी क्षयरोग सॅनेटोरियम उभे राहिले. कावेरीच्या खोऱ्यातील, म्हणजे साऱ्या तमिळनाडूच्या भाताच्या कोठारातील, खंगलेली माणसे तेथे आली. भात पिकवणारा मजूर अन्नावाचून वाळतो आणि वाळलेल्या शरीरात क्षय शिरतो, हे कोडे सुटल्याखेरीज त्या रोगाचे कोडे सुटणार नाही, असे आमचे मत आहे.

क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाचा उपचार संपला की सरकारी नोंदवहीत त्याचा निकाल लिहिला जातो. बरा झाला, उपचार पूर्ण केला, उपचार अयशस्वी ठरला, मरण पावला, असे रकाने असतात. आणखी एक रकाना असतो, ठरावीक काळाहून अधिक सलग औषध बंद ठेवणाऱ्याचा. अशा रुग्णाला अनेक वर्षे ‘डिफॉल्टर’ म्हणत. आपल्या सहकारी बँकांच्या भाषेत डिफॉल्टर म्हणजे थकबाकीदार. कर्ज उचलून हप्ते बुडवणारा. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा शब्द काढून टाकला आणि त्याऐवजी ‘संपर्क तुटलेला रुग्ण’ अशा अर्थाची नोंद सुरू केली. शब्द बदलला हे चांगलेच झाले. पण दृष्टी बदलली काय? आजही दवाखान्याच्या पायरीवर ऐकू येते ते हेच की, हे लोक अडाणी, औषध फुकट दिले तरी घेत नाहीत. यास्तव हा प्रश्न एकदा मुळापासून विचारला पाहिजे. या व्यवहारात खरा थकबाकीदार कोण?

रुग्ण तर आला होता

अडाणीपणाचा आरोप आजचा नाही आणि त्याचे उत्तरही आजचे नाही. डॉ. देबाबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी १९६३ मध्ये कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्याच्या खेड्यांतील पाहणी प्रसिद्ध केली. क्षयाची लक्षणे असलेल्या लोकांपैकी बहुतेकांना आपल्याला काहीतरी झाले आहे याची जाणीव होती आणि सुमारे निम्मे लोक स्वतः होऊन दवाखान्यात जाऊन आले होते. तेथे त्यांना काय मिळाले? खोकल्याच्या औषधाची बाटली. थुंकी तपासली गेली नाही. म्हणजे गरीब माणूस दवाखान्यापर्यंत चालत गेला होता, दवाखाना त्याच्यापर्यंत पोहोचला नव्हता. साठ वर्षांनंतर तपासणीची साधने पुष्कळ सुधारली आहेत. थुंकीच्या नमुन्यातून काही तासांत जंतूचा आणि रिफाम्पिसिनला तो दाद देतो की नाही याचा पत्ता लागतो. तरीही रुग्णाचे तीन-चार आठवडे औषधाचे दुकान, खाजगी डॉक्टर आणि ताकदीचे इंजेक्शन यांतच निघून जातात. त्या आठवड्यांत त्याची गाठ सुटते ती पैशाची, दुखण्याची नव्हे.

चेन्नईचा धडा, जो अर्धाच वाचला गेला

तमिळनाडूने क्षयरोगाच्या उपचारात जगाला दिलेला धडा प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने समजून घ्यावा असा आहे. १९५६ मध्ये तेव्हाच्या मद्रास शहरात क्षयरोग रसायनोपचार केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, जागतिक आरोग्य संघटना, ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद आणि मद्रास सरकार यांचा तो संयुक्त उपक्रम होता. आजची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था ती हीच. केंद्राने शहरातील गरीब वस्त्यांतील रुग्ण घेऊन त्यांचे दोन गट पाडले. एका गटाला सॅनेटोरियममध्ये ठेवले. तेथे विश्रांती, चांगला आहार, मोकळी हवा होती. दुसऱ्या गटाला घरीच ठेवले. घर म्हणजे कोंदट खोली, अपुरे जेवण आणि पुष्कळांच्या बाबतीत अंगमेहनतीचे काम. दोन्ही गटांना एक वर्ष तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि वैद्यकशास्त्रातील जुन्या समजुतीला धक्का बसला. घरी राहिलेले रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते आणि घरातील माणसांना त्यांच्यामुळे अधिक संसर्ग झाला असेही दिसले नाही.

गरिबांच्या दृष्टीने हा मोठाच विजय होता. सॅनेटोरियमची खाट सर्वांना मिळणे शक्य नव्हते. घरी राहून बरे होता येते, हे सिद्ध झाल्यामुळेच १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमाला पाया मिळाला आणि सॅनेटोरियमचा जमाना हळूहळू मावळला.

पण सरकारांनी हा धडा अर्धाच वाचला. औषध मिळाले की अन्न, विश्रांती, घर यांची चिंता नको, एवढाच सोयीस्कर अर्थ काढला गेला. केंद्राने आपल्या घरी राहणाऱ्या रुग्णांसाठी काय केले होते, याकडे दुर्लक्ष झाले. औषधांचा पुरवठा नियमित होता. कर्मचारी घरी जात, गोळ्या मोजत, औषध पोटात गेले की नाही हे तपासत. अडचण आली तर विचारपूस करत. थोडक्यात, त्या रुग्णाच्या मागे एक यंत्रणा उभी होती. गावोगाव पोहोचल्या त्या गोळ्या. यंत्रणा शहरातच राहिली. घरच्या उपचाराच्या नावाखाली रुग्णाला घरावरच सोडून दिले, असा या इतिहासाचा अर्थ आम्ही लावतो.

पीक चार महिन्यांचे, उपचार सहा महिन्यांचा

आता तंजावरच्या शिवारात या. मेट्टूर धरणाचे पाणी १२ जूनला सोडण्याचा प्रघात आहे. पाऊसपाणी बरे असेल त्या वर्षी तो पाळला जातो, नसेल त्या वर्षी लांबतो. पाणी आले की कुरुवईची लावणी, मागाहून सांबा आणि ताळडी. लावणी, निंदणी, कापणी यांचे दिवस सोडले तर भूमिहीन मजुराच्या हाताला गावात काम नाही. कापणीयंत्रे आल्यापासून त्या दिवसांनाही कात्री लागली आहे. मग कोणी तिरुप्पूरच्या होजिअरी कारखान्यात जातो, कोणी केरळात किंवा चेन्नईत बांधकामावर. क्षयाचा साधा उपचार सहा महिन्यांचा असतो. पहिले दोन महिने चार औषधे, पुढील चार महिने तीन. गावात चार महिन्यांपलीकडे सलग काम नसलेल्या माणसाला एका गावी सहा महिने राहून औषध घेण्यास सांगणे म्हणजे त्याला उपाशी राहण्यास सांगणे होय. तो जातो. कार्ड गावात, रुग्ण परगावी. नोंदवहीत शेरा पडतो, ‘संपर्क तुटला’.

यात आणखी एक मेख आहे. औषध सुरू झाले की पाच-सहा आठवड्यांत ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक परत येते. ज्या घरात चूल एकदाच पेटते त्या घरात परत आलेली भूक हे संकटच असते. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळते, पोटात आग पडते. रुग्ण म्हणतो, औषध मला सोसत नाही. खरे पाहता त्याला सोसत नाही ती उपासमार. अंगात थोडे बळ आले की तो कामावर जातो, कारण दुखण्याच्या काळातील उसनवारी फेडायची असते. आजार हत्तीच्या पावलाने येतो आणि मुंगीच्या पावलाने जातो. पण सावकार, दुकानदार आणि घरमालक मुंगीच्या पावलाने येत नाहीत.

हे आमचे केवळ तर्क नव्हेत. चेन्नईच्याच संशोधकांनी दक्षिण भारतातील ३०४ रुग्णांचा अभ्यास करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडले. एका रुग्णामागे सरासरी ८३ कामाचे दिवस बुडाले होते. कुटुंबे कर्जात गेली होती. शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक पंचमांश मुलांची शाळा सुटली होती. औषध फुकट होते, आजार फुकट नव्हता.

तंजावरचा मजूर ही परिस्थिती मुकाट्याने सोसत आला आहे असे मात्र कोणी समजू नये. येथील पण्णैयाळ, म्हणजे जमीनदाराच्या दारी पिढ्यान्पिढ्या बांधलेला शेतगडी, लाल झेंड्याखाली संघटित झाला तेव्हाच १९५२ चा कूळ व पण्णैयाळ संरक्षण कायदा आला. २५ डिसेंबर १९६८ रोजी तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील किळवेण्मणी येथे मजुरीवाढीसाठी लढणाऱ्या दलित शेतमजुरांच्या ४४ माणसांना झोपडीत कोंडून जाळण्यात आले. त्यात स्त्रिया होत्या, लेकरे होती. त्या राखेतून १९६९ चा शेतमजूर रास्त वेतन कायदा निघाला. भाताच्या मापभर वाढीव मजुरीसाठी ज्यांनी प्राण दिले, ते आरोग्यासाठीही लढत होते, असे आज मागे वळून पाहताना म्हणावे लागते. पोटभर अन्न ही क्षयावरची पहिली लस आहे.

शरीराची बाजू

येथे कोणी म्हणेल की संघटनेच्या मुखपत्राने वैद्यकीय गोष्टीत शिरू नये. आम्हाला हे मान्य नाही. उपचाराचा निकाल ठरवणाऱ्या वैद्यकीय बाबी आणि सामाजिक बाबी वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवताच येत नाहीत.

मधुमेह घ्या. तमिळनाडूतील क्षयरुग्णांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत चारांपैकी एकाला मधुमेह असल्याचे आढळले. मधुमेह आटोक्यात नसेल तर क्षय लवकर हटत नाही, पुन्हा उलटण्याचा आणि मृत्यूचा धोका वाढतो. म्हणजे थुंकीबरोबर रक्तातील साखर तपासलीच पाहिजे आणि दोन्ही औषधे एकाच ठिकाणी, एकाच फेरीत मिळाली पाहिजेत. दोन दवाखाने म्हणजे दोन खाडे.

तंबाखू घ्या. तमिळनाडूतील ४३,००० पुरुषांच्या मृत्यूंचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत क्षयाने मरण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाले. आपल्या संघटनेत विडी कामगार भगिनी आहेत. त्यांच्या रोजीचा प्रश्न आम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच पर्यायी रोजगाराची मागणी आम्ही करीत आलो. पण रोजीच्या प्रश्नासाठी हे सत्य झाकून ठेवणे कोणत्याही कामगाराच्या हिताचे नाही.

दारू घ्या. दारू पिणाऱ्या रुग्णाचा उपचार तुटण्याची शक्यता अधिक. त्याच्या यकृतावर औषधांचा भारही अधिक. हे सर्व खरे. पण २००३ पासून तमिळनाडूत दारूची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या हाती आहे. सरकार एका खिडकीतून गोळ्या देते आणि दुसऱ्या खिडकीतून बाटली विकते, आणि उपचार तुटला की दोष मात्र हमालाचा! दिवसभर पोती वाहून अंग मोडलेल्या माणसाला उपदेश देणे सोपे आहे. व्यसन सोडवण्याची सोय क्षयाच्या उपचारातच असावी, ही मागणी करणे त्याहून अधिक उपयोगाचे आहे.

आणि सर्वांत मोठी बाब कुपोषणाची. क्षयाने होणाऱ्या मृत्यूंपैकी पुष्कळ मृत्यू उपचार सुरू झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांतच होतात. गोळ्या काम करू लागण्यापूर्वीच शरीर हार मानते. तमिळनाडू सरकारने एप्रिल २०२२ मध्ये यावर एक योजना सुरू केली. तिचे नाव ‘कासनोय् इरप्पिल्ला तिट्टम’, म्हणजे क्षयरोगाने मृत्यू न होऊ देण्याची योजना. तिची रीत अगदी साधी आहे. रोगनिदान होताच रुग्णाचे वजन व उंची घ्यायची, मिनिटाला श्वास किती ते मोजायचे, बोटाला यंत्र लावून रक्तातील प्राणवायू पाहायचा, आधाराशिवाय उभे राहता येते का ते पाहायचे. यांत जो फार खालावलेला आढळेल त्याला गोळ्या देऊन घरी न पाठवता लागलीच रुग्णालयात दाखल करायचे आणि आहारासह सर्व उपचार करायचे. यामुळे मृत्यू कमी झाल्याची नोंद झाली आहे. ज्या राज्याने घरच्या उपचाराचा पुरस्कार जगाला शिकवला, त्याच राज्याने अत्यवस्थ रुग्णासाठी रुग्णालयाची खाट पुन्हा आवश्यक ठरवली. यात विसंगती नाही. साठ वर्षांपूर्वी वाचायचा राहिलेला अर्धा धडा आता वाचला जात आहे, इतकेच. वजनकाटा, घड्याळ आणि बोटाला लावायचे एक लहान यंत्र एवढ्या साहित्यावर होणारे हे काम महाराष्ट्राच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात का होऊ नये?

अन्न हेच औषध

अन्नाच्या बाबतीत आता शंकेला जागा उरलेली नाही. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग केला. २,८०० रुग्णांना सहा महिने कोरडा शिधा दिला. निम्म्या गावांत रुग्णाच्या घरातील सर्व माणसांनाही शिधा दिला, उरलेल्या गावांत केवळ रुग्णाला. ज्या घरांत सर्वांना शिधा मिळाला तेथे घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी भरले. रुग्णांपैकी ज्यांचे वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी आढळला. तांदूळ, डाळ, तेल, दूधभुकटी. यात कोणतेही परदेशी पेटंट नाही, कोणतीही महागडी यंत्रसामग्री नाही. २०२३ मध्ये हे निष्कर्ष जगापुढे आले.

सरकारने २०१८ मध्ये ‘नि-क्षय पोषण योजना’ सुरू करून रुग्णाला दरमहा ५०० रुपये देऊ केले. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १,००० रुपये झाली. वाढ झाली हे मान्य. पण हिशेब करा. दिवसाला सुमारे ३३ रुपये. त्यात घरच्या पाच माणसांचे सोडाच, एका रुग्णाचेही दूध, अंडी, डाळ भागत नाही. शिवाय बँक खाते, आधार, कागदपत्रे यांच्या चक्रात हप्ते अडकतात आणि काहींच्या हाती ते उपचार संपत आल्यावर पडतात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! २०२२ मध्ये ‘नि-क्षय मित्र’ या नावाने दात्यांनी रुग्ण दत्तक घेण्याची योजनाही निघाली. देणाऱ्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु मजुराच्या ताटातील डाळ कोणा दात्याच्या मनधरणीवर अवलंबून राहू नये. ती त्याचा हक्क आहे.

दोन कामगार, दोन निकाल

उदाहरणादाखल दोन कामगार घ्या. दोघांनाही तोच जंतू, तीच औषधे. एक आहे विमाधारक कारखाना कामगार. १९४८ च्या कायद्याने सुरू झालेल्या राज्य कामगार विमा योजनेत क्षयरोगासाठी विस्तारित आजारलाभ आहे. नोकरीची व वर्गणीची अट पूर्ण केलेल्या कामगाराला मजुरीच्या ८० टक्के रक्कम दीर्घकाळ मिळू शकते. आजारलाभ घेत असलेल्या कामगाराला मालकाने काढू नये, असे त्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने बजावले होते. हा कामगार घरी बसून औषध पूर्ण करू शकतो.

दुसरा आहे तंजावरचा शेतमजूर. त्याला विमा नाही, रजा नाही. मात्र तमिळनाडूत २०११ पासून मुख्यमंत्री शेतकरी संरक्षण योजनेखाली नोंद झालेल्या शेतमजुराला व अल्पभूधारकाला क्षयासारख्या आजारात दरमहा १,००० रुपये साहाय्याची सोय करण्यात आली. रक्कम तोकडी आहे, कचेरीतील खेटे आहेत, तरीही आजारात बुडालेल्या मजुरीची भरपाई शेतमजुरालाही मिळाली पाहिजे हे तत्त्व तिने मान्य केले. हे तत्त्व महत्त्वाचे आहे.

आता आपल्या महाराष्ट्राकडे या. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराचे जोडपे दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्याच्या फडावर जाते आणि पाडव्याच्या सुमारास परतते. क्षयाच्या उपचाराचेही सहा महिनेच. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यांतील एक आजारी पडला की कोयता मोडतो, खाडा पडतो आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. पालावर राहणाऱ्या बाईने खोकल्यात रक्त आले तरी ते पदराने पुसून मोळी उचलायची, ही रीत होऊन बसली आहे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर पीसरेटने काम. माग बंद तर मजुरी बंद. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रीला आजार कळला तर घरचेच पान-तंबाखू आणू देणार नाहीत ही भीती. या सर्वांची नावे उद्या त्याच रकान्यात जातील. तंजावर दूर नाही.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या लाभार्थ्यांत क्षयरोगाने काम करू न शकणाऱ्यांचा समावेश आहे, हे किती शाखांना ठाऊक आहे? उत्पन्नाची जाचक मर्यादा आणि दाखल्यांची माळ यांमुळे फार थोडे रुग्ण तेथपर्यंत पोहोचतात. तरीही अर्ज भरून घेणे हे आपल्या हातात आहे.

यंत्रणेची थकबाकी

रुग्णाने ठरावीक काळ सलग गोळी चुकवली तर त्याच्या नावावर शेरा पडतो. मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या मूलभूत औषधांचाच देशभर तुटवडा पडला आणि केंद्राने राज्यांना जमेल तेथून खरेदी करा असे सांगितले, तेव्हा कोणाच्या नावावर शेरा पडला? औषधात खंड पडला की जंतू औषधाला दाद देईनासा होतो, हे रुग्णाला बजावणारे सरकार स्वतः तो खंड पाडते. या कार्यक्रमातील पर्यवेक्षक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांपैकी फार मोठा वर्ग वर्षानुवर्षे कंत्राटी आहे. सहा महिने रुग्णाच्या पाठीशी उभे राहा, असे ज्याला सांगायचे त्याच्याच नोकरीचा भरवसा नाही! आशा भगिनी रुग्णाला औषध पूर्ण करायला लावते, तिला साध्या रुग्णामागे १,००० रुपये मोबदला. सहा महिन्यांच्या कामाचा हा दाम.

२०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याची घोषणा झाली होती. २०१५ च्या तुलनेत नव्या रुग्णांचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटवायचे होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये ते लाखामागे २३७ होते, २०२४ मध्ये १८७ झाले. म्हणजे २१ टक्के घट. ही घट खरी आहे, हजारो कर्मचाऱ्यांच्या कष्टाची आहे, ती नाकारण्याचे कारण नाही. पण ८० आणि २१ यांतील अंतर गोळ्यांनी भरून निघणारे नाही.

आमच्या मागण्या आणि आमची कसूर

सबब आम्ही पुढील मागण्या करीत आहोत:

१. असंघटित व शेतमजूर क्षयरुग्णास उपचाराच्या संपूर्ण काळात किमान वेतनाच्या ८० टक्के भरपाई मिळावी. पहिली रक्कम निदानानंतर आठवड्याच्या आत हाती पडावी.

२. रुग्णाच्या घरातील सर्व माणसांना रेशन दुकानातून डाळ, तेल व धान्याचा जादा शिधा मिळावा.

३. क्षयरोगामुळे कोणासही कामावरून काढू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेखालील नियमांत आजारी कामगाराचे जुने संरक्षण तसूभरही कमी होऊ नये.

४. रुग्ण जेथे कामाला जाईल तेथे कार्ड दाखवून औषध मिळावे. साखर कारखान्याचे फड, वीटभट्ट्या, बांधकामाची ठिकाणे येथे हंगामभर ही सोय असावी.

५. प्रत्येक रुग्णाची वजन, श्वास, प्राणवायू व साखर यांची तपासणी पहिल्याच दिवशी व्हावी आणि खालावलेल्या रुग्णास ताबडतोब दाखल करून घ्यावे.

६. क्षयरोग कार्यक्रमातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना कायम करावे. दगडखाणीतील धुळीने फुप्फुसे खराब होऊन क्षय जडलेल्या कामगारांना आणि रुग्णसेवेत क्षयाची लागण झालेल्या कर्मचाऱ्यांना व्यवसायजन्य रोगाची भरपाई विनाविलंब मिळावी.

मागण्या मांडताना आपली कसूरही कबूल केली पाहिजे. बोनस, महागाई भत्ता, ग्रॅच्युइटी यांसाठी आपण गेटवर उभे राहिलो. पण खोकणारा सोबती हळूच काम सोडून गावी गेला, तेव्हा त्याची चौकशी किती शाखांनी केली? हजेरीपटावरून त्याचे नाव गळाले आणि वर्गणीच्या पावतीपुस्तकातूनही गळाले. म्हणजे आपल्या दप्तरीही तो ‘संपर्क तुटलेला’च ठरला.

म्हणून प्रत्येक शाखेने एवढे तरी करावे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असलेल्या सोबत्याला आपण होऊन तपासणीस न्यावे. त्याचा आजार त्याच्या संमतीशिवाय चारचौघांत बोलू नये. त्याचे अर्ज भरावेत, हप्ते अडले तर कचेरीत जावे. कामावर जाण्याजोगा होईपर्यंत त्याच्या घरी कोणीतरी दर आठवड्याला डोकवावे. मुकादमाशी, मालकाशी खाड्याचे भांडण त्याच्या वतीने आपण भांडावे. मद्रासच्या त्या केंद्राने आपल्या रुग्णांसाठी नेमके हेच केले होते आणि त्यामुळेच कोंदट खोल्यांतली माणसे बरी झाली होती. ते काम पगारी कर्मचाऱ्यांनी केले. आपण ते बंधुभावाने करू शकतो.

तंजावरच्या मजुराने देशाला भात दिला. ऊसतोड मजुराने साखर दिली, यंत्रमाग कामगाराने कापड दिले. त्यांची मजुरी कमी देऊन जे वाचवले गेले तेच त्यांच्या छातीत क्षय होऊन बसले आहे. हे देणे आहे आणि ते थकलेले आहे. नोंदवहीत थकबाकीदाराचे नाव लिहायचेच असेल, तर ते योग्य रकान्यात लिहिले जावे.